चुंबळ आणि टोपडं

संपादकांचं पत्र आलं, ‘दवाखान्यातले गमतीदार अनुभव लिहा.’ गमती लिहितो. पण पुढं मी चिडणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर तक्रार नको.

कारण असं झालं. माझा नातू चार महिन्यांचा आहे. त्याचं डोकं मागून जरा चपटं वाटतं म्हणून सूनबाई काळजीत होती. परवा तिनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. गोरंगोमटं बाळ आणि त्याच्या डोक्यावर निळं हेल्मेट, त्यावर चांदण्या काढलेल्या. “बाबा, हे बघा. चपट्या डोक्यासाठी असं हेल्मेट मिळतं आता. नवीन निघालंय.”

मी म्हटलं, “नवीन कसलं? चाळीस वर्षांपूर्वी मी केलंय ते. चामड्याचं.”

ती हसली. म्हातारा काहीही बोलतो, असं ते हसणं होतं. मग मी कपाटावरचा खोका खाली काढला. त्यात काय होतं ते शेवटी सांगतो. आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी मूळचा तेरच्या बाजूचा, नाव किसन. पण सत्तावीस वर्षं मला या नावानं कुणी हाक मारली नाही. जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी प्लास्टरच्या खोलीत होतो. दवाखान्यात पुरुष नोकर तेवढा मामा आणि बाई तेवढी मावशी. त्यामुळं मी प्लास्टरमामा, आणि खेड्यातल्या माणसांच्या तोंडी ‘पलिस्तरमामा’. वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा मी लहान होतो. आमच्या घरातला सरकारी पगार घेणारा पहिला माणूस मी, त्यामुळं पांढऱ्या पायजम्याला इस्त्री असल्याशिवाय मी कामावर कधी गेलो नाही. संध्याकाळी मात्र तो पायजमा चुन्याच्या भट्टीतून काढल्यासारखा दिसायचा.

तेव्हा तयार रोल मिळत नसत. गॉजचं कापड टेबलावर अंथरायचं, त्यावर प्लास्टरची पावडर तळहातानं चोळायची आणि सैल गुंडाळी करून डब्यात ठेवायची. रोगी आला की हाडावर आधी कापूस. मग गुंडाळी पाण्यात आडवी सोडायची. बुडबुडे थांबले की काढायची, दोन्ही टोकं धरून हलकी पिळायची आणि गुंडाळत जायचं. ओलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, तेव्हा रोगी ओरडतो. त्याला सांगायचं, घाबरू नका, भाजत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओल्या प्लास्टरला बोटं लावायची नाहीत. तळहात लावायचा. बोटानं खळगा पडतो, तो खळगा आत टोचतो आणि महिन्याभरानं प्लास्टर कापलं की खाली जखम. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचो. बोटं नाही, तळहात.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. ढोकीकडच्या फडातला एक ऊसतोड्या घोट्याचं हाड मोडून आला. सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. तिसऱ्या आठवड्यात गडी हजर, पाय मोकळा आणि काखेत प्लास्टरची दोन अर्धी टरफलं सुतळीनं बांधलेली. कोयत्यानं कापून काढलं होतं. मला म्हणाला, “मामा, लई जपून काढलंय बगा. कुठं मोडलं न्हाय. सीजन सपला, आता ह्येच परत बशिवा.”

दुसरे एक बडे शेतकरी, खांदा निखळलेला. वेदनेनं घामाघूम, तरी हात धरायच्या आधी मला गाव विचारलं, मग आडनाव. मी दोन्ही सांगितली. त्यांनी तोंड फिरवलं. मी हात धरला आणि सोडला नाही. डॉक्टरांनी खांदा बसवला तसा ‘खट्’ आवाज झाला आणि त्यांच्या तोंडावर जीव आला. मग त्यांनी माझ्याच तांब्यातलं पाणी मागून घेतलं. खांदा निखळल्यावर माणूस सुधारतो, असा माझा अनुभव आहे. सगळ्यांचे निखळावेत असं काही माझं म्हणणं नाही.

माझी खरी हातोटी मात्र लहान मुलांत. वाकड्या पावलांची तान्ही लेकरं यायची. दर आठवड्याला पाऊल थोडं सरळ करून नवं प्लास्टर घालायचं. लेकराचं हाड म्हणजे ओली माती. लवकर धरलं तर वळतं, उशीर झाला तर मग ऑपरेशन. त्यामुळं तान्ह्या जिवाला हात लावायची मला भीती नव्हती.

आता मुख्य गोष्ट.

ऐंशीच्या दशकाच्या मधली दुष्काळी वर्षं. बहात्तर पाहिलेली माणसं म्हणायची, ते बरं होतं. आमच्या खोलीला दुष्काळाचा एकच फायदा, प्लास्टर झटक्यात वाळायचं. पण त्यासाठी बादलीभर पाणी घेताना लाज वाटायची. बाहेर माणसं हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसलेली आणि मी आत पाण्यात गुंडाळ्या बुडवतोय.

त्या वर्षी आमच्याकडं एक तरुण हाडांचे डॉक्टर आले होते. नाव सांगत नाही. हुशार, हाताला चांगले, वाचणारे. त्यांच्या टेबलावर परदेशी मासिकं असायची. चैत्रातल्या एका सकाळी पारूबाई नावाची बाई सहा महिन्यांची मुलगी घेऊन आली. भूमकडच्या एका पाझर तलावाच्या कामावर ती माती वाहायची. मुलीचं नाव सुरेखा. पोर टवटवीत, पण डोकं मागून उजवीकडं पार चपटं, पाटावर दाबून धरल्यासारखं. त्यामुळं उजवा कान पुढं सरकलेला आणि कपाळही त्याच बाजूला पुढं आलेलं.

पारूबाई विशी-बाविशीची असेल. म्हणाली, “सासू म्हंती पोरगी येडी निगनार. हिला कोन करनार म्हंती. येडी हाय का वो साहेब?”

डॉक्टरांनी तपासलं. टाळू मऊ होती, शिवणी मोकळ्या होत्या, नजर हातामागं फिरत होती. “वेडीबिडी काही नाही. मेंदू चांगला आहे. एका बाजूवर पडून पडून कवटी दबलीय. पण आत्ता काही केलं तरच. वर्ष-दीड वर्षानं डोकं घट्ट झालं की आहे तसंच राहणार.”

तपासायला मुलीला टेबलावर ठेवलं, तेव्हा पारूबाईनं कमरेला खोचलेली कापडाची एक चकती काढली आणि तिच्या डोक्याखाली सरकवली. जुन्या लुगड्याचं फडकं पिळून गोल वळवलेलं, मातीनं भरलेलं. मी ते उचललं आणि कापलेल्या प्लास्टरच्या बादलीत टाकलं. “ही कसली घाण चिंधी? हा दवाखाना आहे.” आणि तेवढ्यावर थांबलो नाही. “दिवसभर एका कुशीवर टाकून ठेवता काय लेकराला? आई आहात का कोण?”

तिनं आधी बादलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “टाकूनच ठिवते मामा. मग काय पाटीत घालून न्हेऊ?”

मला ते उद्धट वाटलं. आज चाळीस वर्षांनी ते वाक्य आठवलं की मान खाली जाते. पण क्रमानं सांगतो.

डॉक्टर पारूबाईच्या पोरीकडं बघत होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. आतून एक मासिक आणून त्यांनी मला चित्र दाखवलं. परदेशातलं बाळ, डोक्यावर टोपी. “मामा, करू या का? आपल्या जिल्ह्यात कुणी केलं नसेल.”

त्यांनी समजावून सांगितलं ते माझ्या अजून लक्षात आहे. लोकांना वाटतं हेल्मेट म्हणजे डोकं दाबून गोल करायचं. तसं नाही. जिथं डोकं पुढं आलंय तिथं टोपी नुसती टेकलेली असते. जिथं चपटं आहे तिथं आत पोकळ जागा सोडलेली असते. लेकराचं डोकं वाढतच असतं. ते जिथं जागा मिळेल तिकडं वाढतं आणि पोकळी भरून काढतं. दाबायचं नाही, जागा सोडायची. मला हे फार आवडलं. माझ्या तळहाताच्या नियमाचाच हा भाऊ.

मग मी कामाला लागलो. पोरीच्या डोक्याला पातळ मोज्याच्या कापडाची टोपी चढवली आणि कपाळापासून मानेपर्यंत प्लास्टरच्या पट्ट्या लावल्या, पुढून एक अर्धं आणि मागून एक अर्धं. पोर किंचाळत होती. पारूबाई तिच्या तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी गुणगुणत होती आणि पट्टी गरम झाली की माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी पोरीला चुलीत घातलंय. दोन अर्धी सुटली. ती जोडून आत प्लास्टर ओतलं, सुरेखाचं डोकं तयार. असे दोन साचे केले. एक जसाच्या तसा ठेवला. दुसऱ्यावर चपट्या जागी प्लास्टर चढवून तो तळहातानं गोल केला. तो घेऊन स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या एका काकांकडं गेलो. त्यांनी साचा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “आजवर पायाचं माप घितलं. डोस्क्याचं पयल्यांदाच.” मऊ चामडं भिजवून त्यांनी साच्यावर ताणलं, वाळवलं, आत फेल्ट लावली, हवेसाठी भोकं पाडली आणि हनुवटीखाली पट्टा दिला. काय देखणी वस्तू झाली होती! मी ती दवाखानाभर दाखवत फिरलो. पारूबाईनं ती पाहिली आणि म्हणाली, “टोपडं हाय की.” तेव्हापासून ते टोपडंच.

डॉक्टरांनी बजावलं, अंघोळीपुरतं काढायचं, बाकी दिवसरात्र डोक्यावर. दोन आठवड्यांनी दाखवायचं.

दोन आठवड्यांनी ती आली. पोरीचं डोकं उघडं, कपाळावर आणि कानामागं घामोळ्या फुटून चट्टे पडलेले. टोपडं गाठोड्यातून निघालं, नव्यासारखं कोरं. डॉक्टर संतापले. “एवढी मेहनत घेऊन करून दिलं, आणि तुम्ही ते बांधून ठेवलं?”

“चार दिस घातलं, साहेब. पोरगी उकडून निगाली. तुमी त्ये डोक्यावर घालून येक दिस आमच्या तळ्यावर बसा.”

डॉक्टरांना कुणी असं बोलत नसे. ते आत निघून गेले. ती माझ्याकडं वळली. आवाज खाली आला. “आनि मामा, माज्या येकलीच्या पोरीला टोपडं. बाकीच्यांचं काय?”

“बाकीची कोण?”

“आमच्या कामावरची लेकरं की. हिला धरून सा हायती. समद्यांची डोस्की अशीच, समद्यांची उजवीच बाजू.”

हाडांच्या खोलीत राहून एवढं कळत होतं. सहा माणसांचा एकच पाय एकाच ठिकाणी मोडला, तर दोष पायात नसतो, वाटेत खड्डा असतो. सहा लेकरांची एकच बाजू कशी दबेल? मी डॉक्टरांना म्हटलं, जाऊन बघू या. ते म्हणाले, वेळ कुठं आहे? मग रविवारी मी एकटाच एसटीनं भूमला गेलो आणि तिथून चालत तळ्यावर.

आता मी चिडतो.

कामावर शिरतानाच एक फळा होता, रंगवलेला. ‘मजुरांसाठी सोयी : पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार, पाळणाघर.’ त्या फळ्याच्या सावलीत ओव्हरसियरची मोटारसायकल उभी होती. फळ्याचा तेवढाच उपयोग मला दिसला. तुम्हाला माहीत असेल-नसेल म्हणून सांगतो, कामावर लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, असा रोजगार हमीच्या योजनेत नियमच होता. कुणाची मेहेरबानी नव्हती ती. आणि बाई नेमलेलीही होती. भागूबाई नावाची म्हातारी. ती ओव्हरसियरच्या तंबूत त्याच्यासाठी भाकरी थापत होती.

लेकरं कुठं होती? भरावाशेजारच्या उतरत्या जमिनीवर उसाच्या पाचटाचा एक अरुंद मांडव होता. ढोकीकडं ऊस पाणी पिऊन डोलत होता आणि सहकाराची गंगा भूमकडं आली ती या पाचटाच्या रूपानं, असं मला तेव्हा वाटलं. मांडवात सहा लेकरं ओळीनं. जमीन उतरती, म्हणून सगळ्यांची डोकी वरच्या अंगाला ठेवावी लागत. दुसरीकडं ठेवली तर रक्त डोक्यात उतरणार. मांडवाची डावी बाजू पाचटानं बंद, उन्हाची म्हणून. उजवी उघडी. आणि उजवीकडंच तो भराव, ज्यावरून बाया पाट्या घेऊन चढत-उतरत होत्या.

मी उकिडवा बसलो आणि बघत राहिलो. सहाच्या सहा लेकरं मान उजवीकडं करून भरावाकडं बघत होती. डावीकडं बघायला होतंच काय? पाचट. उजवीकडं आई होती, मधून मधून जाणारी. मी एकाची मान हळूच डावीकडं वळवली. हात काढल्याबरोबर ती परत उजवीकडं गेली. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत ती लेकरं आईकडं बघत होती आणि त्या बाजूची कवटी दबत होती. यात रोग कुठं होता? हेल्मेट कशावर करत होतो आम्ही?

आणखी एक पाहिलं. प्रत्येक लेकराच्या डोक्याखाली तसलीच एक मातकट गोल चिंधी होती. पारूबाईची मी फेकून दिली होती, तर सुरेखाच्या डोक्याखाली तिनं दुसरी वळून ठेवली होती. एवढ्यात पाणी प्यायला एक बाई भरावावरून खाली आली. ती पारूबाईच होती. पाटी उतरवली तेव्हा पाहिलं, डोक्यावर चुंबळ नव्हती. नुसत्या पदरावर पाटी. पदर सरकला आणि डोक्याच्या मधोमध रुपयाएवढी जागा दिसली, केस घासून गेलेली, लाल झालेली.

चुंबळ म्हणजे काय, हे सूनबाईनं मला परवा विचारलं, म्हणून इथंही सांगतो. डोक्यावर ओझं घेताना बाया फडकं पिळून गोल वळवतात आणि डोक्यावर ठेवतात. त्यावर पाटी किंवा घागर बसते, भार कडेनं वाटला जातो, मधली टाळू मोकळी राहते. दगडमातीच्या पाट्या दिवसभर वाहायच्या तर चुंबळीशिवाय डोकं फुटेल. त्या सहा जणींनी आपापली चुंबळ आपल्या डोक्यावरून काढून लेकराच्या डोक्याखाली ठेवली होती. कडेनं आधार, मधे मोकळी जागा. दाबायचं नाही, जागा सोडायची. परदेशी मासिकातलं जे मला डॉक्टरांनी सांगितलं आणि मी थक्क होऊन ऐकलं, ते या बायांनी आपल्या अकलेनं केलं होतं. आणि त्यातलं एक मी घाण चिंधी म्हणून बादलीत टाकलं, वर तिला विचारलं, आई आहात का कोण.

चुंबळीनं डोकं गोल होतं असा माझा दावा नाही. आजचे डॉक्टर तान्ह्या बाळाला उशीसुद्धा नको म्हणतात, आणि ते बरोबरच असेल. लेकराला फिरवत राहणं, कडेवर घेणं, जागं असताना पालथं खेळवणं, हेच खरं औषध. पण फिरवायला माणूस लागतो. तो माणूस भाकरी थापत होता.

मी तंबूत गेलो. ओव्हरसियर खाटेवर पडला होता. मी सगळं सांगितलं, डोकी, मांडव, भागूबाई. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही प्लास्टरवाले ना?”

“हो.”

“मग कुणाचा हातपाय मोडला की बोलवतो. तोवर तळ्याचं आम्ही बघतो.”

भागूबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं वर पाहिलं नाही.

परत येऊन मी अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं. डॉक्टर म्हणाले, ठेवा, सही करतो. तो त्यांच्या मासिकांखाली आठवडाभर पडला. शेवटी मी माझ्या सहीनं पाठवला. उत्तर आलं, टाइप केलेलं. ‘सदर कामावर बालसंगोपनाची व्यवस्था नियमानुसार उपलब्ध आहे.’ नियमानुसार! या शब्दाचा मला तेव्हापासून तिटकारा आहे. जे कुठंच नसतं, ते नियमानुसार असतं.

मला वाटलं, संपलं. पोरीचे महिने निघून चालले होते, डोकं घट्ट होत चाललं होतं आणि आपल्या हातात काही नव्हतं. मग पारूबाई तिसऱ्यांदा आली. पोर कडेवर, आणि चेहरा हसण्यानं फुटायचा बाकी.

“काय झालं?”

“मामा, तुमी सायबासंगं बोलून ग्येलात. आमी बायांनी ऐकलं, भागूआत्यानं सांगितलं. मग दोन दिस वाट बगितली. तिसऱ्या दिशी सा जनींनी सा लेकरं उचलली अन् न्हेऊन ठिवली सायबाच्या तंबूत. खाटंवर. आन् गेलो पाट्या वाहाया.”

“मग?”

“दुपारी सायब जेवाय आलं तर खाटंवर सा लेकरं. येकानं गादी भिजिवली हुती. सायब वराडलं, ह्ये काय? भागूआत्या म्हनली, सायब, हात दोनच हायती. भाकरी थापू का लेकरं बगू, येकदा सांगा.”

“काय म्हणाला तो?”

“काय म्हनतोय? समद्या बाया पाट्या खाली ठिवून बगत हुत्या की.”

तेव्हापासून भागूबाई लेकरांजवळ आली. मांडवाची डावी बाजू बायांनी सोडून टाकली आणि ऊन फिरेल तसं पाचट इकडून तिकडं करायच्या. भागूबाई लेकरं फिरवायची, मांडीवर घ्यायची, एकेकाला कडेवर घेऊन भरावापर्यंत यायची. पारूबाईच्या डोक्यावर नवी चुंबळ आली. पावसाळ्याच्या तोंडाला सुरेखा बसायला लागली, आणि बसलेल्या लेकराचं डोकं कशावर दबणार? डॉक्टरांनी फीत लावून मोजलं तर चपटेपणा निम्म्याहून जास्त भरला होता. दिवाळीला पाहिलं तेव्हा केस बाजूला केल्याशिवाय कळत नव्हतं. कान मात्र जरा पुढं राहिला तो राहिला.

इथं गोष्ट संपली असती तर मी एवढा चिडलो नसतो.

डॉक्टरांनी फोटोग्राफर बोलावला. पारूबाईला म्हणाले, टोपडं आणलंय ना? तिनं गाठोड्यातून काढलं. पोरीला ते आता लहान होत होतं, तरी चढवलं. पट्टा मी बांधला, या हातांनी. फोटो निघाला. नंतर पुण्यात डॉक्टरांची कसलीशी सभा झाली, तिथं त्यांनी तो दाखवला आणि कागद वाचला. टाळ्या पडल्या. एका पुस्तिकेत छापूनही आलं. त्यांनी मला एक प्रत दिली. शेवटी बारीक अक्षरात माझं नाव होतं, किसन, तंत्रज्ञ. मी ते बायकोला दाखवलं, भावाला दाखवलं, तेरला जाऊन आईला दाखवलं. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

इंग्रजी मला जेमतेम. औषधांच्या खिडकीवरच्या माणसाकडून मी ते सगळं वाचून घेतलं. दुष्काळी भागात हेल्मेटनं यश, असं होतं. मांडव नव्हता. भागूबाई नव्हती. चार दिवस घातलेल्या टोपड्याचे चार महिने झाले होते. आणि रोगाच्या कारणापुढं दोन शब्द होते. त्यानं अर्थ सांगितला, “आईची हयगय.”

मी डॉक्टरांकडं गेलो. “साहेब, तुम्हाला मी मांडवाचं सांगितलं होतं.”

त्यांनी दार लोटलं. “मामा, सरकारी नोकरी आहे. ओव्हरसियर, तंबू, असलं लिहून चालतं का? कारणाच्या जागी काहीतरी लिहावं लागतं.”

काहीतरी! जिनं आपल्या डोक्याची चुंबळ काढून पोरीच्या डोक्याखाली ठेवली, तिची हयगय. फळा रंगवणाऱ्याची नाही, भाकरी थापून घेणाऱ्याची नाही, नियमानुसार म्हणून सही ठोकणाऱ्याची नाही. आणि मी काय केलं? पुस्तिका घडी करून खिशात घातली. त्यात माझं नाव होतं ना. पुढं डॉक्टर बदलून गेले, मी निवृत्त झालो, आणि चाळीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. पारूबाईला तर कळलंच नाही की तिच्याबद्दल काय छापलं गेलंय. नंतर ती उसाच्या टोळीबरोबर गेली. एकदा एसटी स्टँडवर भेटली तेव्हा सुरेखा शाळेत होती, दुसरीत. वेणी घट्ट घातलेली, आईचा हात धरून तिनं मला पाढे म्हणून दाखवले.

तर तो खोका. त्यात सुरेखाच्या डोक्याचा पहिला साचा आहे, जसाच्या तसा ठेवलेला, आणि ती पुस्तिका. साचा मी सूनबाईसमोर टेबलावर ठेवला. खालची बाजू खडबडीत असल्यानं तो उभा राहत नाही, आडवा ठेवावा लागतो. आणि आडवा ठेवला की चपट्या बाजूवर वळतो. सूनबाईनं तो दोनदा सरळ केला. दोनदा तो उजवीकडं वळला.

“हा असा का करतो, बाबा?”

मी तिला सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसं. ती मग आत गेली, जुन्या साडीचा तुकडा आणला आणि म्हणाली, “दाखवा, चुंबळ कशी करतात.” मी फडकं पिळून गोल वळवून दाखवलं. तिनं साचा त्यावर ठेवला. तो हलला नाही, सरळ वर बघत राहिला. मग तिनं नातवाला पाळण्यातून उचलून कडेवर घेतलं.

मी पुस्तिका उघडली. कारणाच्या ओळीतला ‘आईची’ हा शब्द इंग्रजीत आहे, तो पेनानं खोडला आणि वर मराठीत लिहिलं, ‘आमची’. अक्षर अजून बरं येतं माझं.